झालं गेलं कोणी सोडायचं?

घरावर संकट आलं की सांत्वनाला माणसं जमतात आणि दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. "देवावर भरवसा ठेव" हे एक, आणि "झालं गेलं गंगेला मिळालं, आता पुढचं बघ" हे दुसरं. मालवणच्या किनाऱ्यावर "देव आसा मा!" एवढ्यावरही भागतं. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, याबद्दल मला शंका नाही. तरीही आज ही वाक्यं ज्या अर्थानं वापरली जातात तो अर्थ उथळ आहे, असं माझं ठाम मत आहे. त्या अर्थानं भरवसा म्हणजे तोंड मिटून घेणं आणि सोडणं म्हणजे विसरणं. असा भरवसा देवाला लहान करतो आणि असं सोडणं माणसाला.

माझं म्हणणं दोन विधानांत मांडतो. पहिलं: देवावरचा भरवसा खरा दिसतो तो दुःख त्याच्यासमोर पूर्णपणे, नावानिशी मांडण्यात. दुसरं: माणसाला सोडता येतं ते फक्त स्वतःचं येणं. दुसऱ्याचं येणं सोडायचा त्याला हक्क नाही, आणि ज्यानं नुकसान केलं त्याला तर "सोडून दे" असं म्हणण्याचाही हक्क नाही. ही विधानं मी कुठल्या ग्रंथातून उचललेली नाहीत. सिंधुदुर्गातल्या देवळांत ती पिढ्यान्‌पिढ्या पाळली जातात. आपण त्यांना रूढी म्हणतो आणि त्यांच्यामागचा विचार तपासायचा राहून जातो.

१. सांत्वनाची घाई

१६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गचा किनारा घासून उत्तरेकडे गेलं. करोनाची दुसरी लाट अजून ओसरायची होती. मालवण, देवगड, वेंगुर्ल्यात माड-पोफळी मोडून पडल्या, झाडावर उरलेला हापूस जमिनीवर आला, घरांची कौलं उडाली, होड्या फुटल्या. विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावं बरेच दिवस अंधारात राहिली. अशा वेळी "देवाची करणी" म्हटलं की विषय मिटतो, कारण वाऱ्याला जाब विचारता येत नाही. पण त्याच वादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा २६१ माणसांसह भरकटला आणि बुडाला. कित्येकांचे जीव गेले. हवामान खात्याचे इशारे त्याआधी काही दिवस येतच होते. तिथं वादळाचा वाटा किती आणि माणसाच्या निर्णयाचा किती, हा प्रश्न करणीच्या नावाखाली गाडता येणार नाही. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरच्या शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण ४ डिसेंबर २०२३ ला झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. तेव्हाही सुरुवातीला कारण पुढं आलं ते वाऱ्याचं. समोरच्या कुरटे बेटावर १६६४ मध्ये पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग किल्ला त्याच वाऱ्यात साडेतीनशे वर्षं उभा आहे, हे मालवणचं शाळकरी पोरही सांगेल.

नक्की काय गेलं, कोणामुळे गेलं आणि आता कोणी काय द्यायचं, हे प्रश्न घाईच्या सांत्वनात विचारलेच जात नाहीत. घाई सांत्वन करणाऱ्याची असते. समोरच्याचं दुःख त्याला बघवत नाही, म्हणून तो ते लवकर झाकतो आणि झाकण म्हणून देवाचं नाव वापरतो.

बायबलमधल्या ईयोबाच्या कथेत हे फार नेमकं आलं आहे. मुलंबाळं, गुरंढोरं, आरोग्य, सगळं गेलेल्या ईयोबाला भेटायला मित्र येतात. सात दिवस ते त्याच्याजवळ नुसते जमिनीवर बसतात, तोवर त्यांचं काही चुकत नाही. मग ते देवाची बाजू घेऊन बोलू लागतात: तुझंच काही चुकलं असेल, देव अन्याय करत नाही. ईयोब मात्र देवालाच थेट जाब विचारत राहतो. शेवटी देवाचा कोप होतो तो मित्रांवर. ईयोब माझ्याविषयी योग्य बोलला, असा निवाडा देव देतो. देवाची वकिली करणाऱ्यांपेक्षा देवाशी भांडणारा देवाला जवळचा ठरला. ही कथा दूरच्या देशातली असली तरी आपल्याकडच्या गाऱ्हाण्याचं मर्म तिच्यात आहे.

२. गाऱ्हाण्यात काय काय असतं

दक्षिण कोकणातल्या गावऱ्हाटीत देवाला गाऱ्हाणं घालतात. जत्रा असो, शिमगा असो, नव्या होडीची पूजा असो की घरातलं आजारपण, नारळ पुढं ठेवून मानकरी किंवा गुरव उभा राहतो आणि मोठ्यानं बोलू लागतो. आधी देवांना हाका. रवळनाथ, सातेरी, वेतोबा, रामेश्वर, गावाच्या चारी दिशांची दैवतं, राखणदार, कोणी सुटता कामा नये. मग कोणाच्या वतीनं बोलतो आहे त्याचं नाव, घर, वाडी. मग अडचण. मग मागणं. प्रत्येक टप्प्यावर जमलेली माणसं एका आवाजात म्हणतात, "व्हय महाराजा!"

यातल्या तीन गोष्टींकडे मला लक्ष वेधायचं आहे.

गाऱ्हाणं मोघम नसतं. "सर्वांचं भलं कर" एवढं म्हणून कोणी नारळ फोडत नाही. अमक्या वाडीतल्या अमक्याच्या घरी तीन महिने ताप हटत नाही, दोन भावांचा वाद मिटत नाही, मुंबईला गेलेल्या पोराला काम मिळत नाही, असं ते नेमकं सांगितलं जातं. दुःखाला तपशील लागतो. तपशील नसेल तर ते दुःख राहत नाही, नुसती उदासी उरते, आणि उदासीवर कोणताही देव किंवा माणूस काय इलाज करणार?

गाऱ्हाणं चारचौघांत असतं. एकट्यानं मनात केलेल्या प्रार्थनेची किंमत मी कमी मानत नाही. पण "व्हय महाराजा" म्हणणारा शेजारी त्या क्षणी साक्षीदार होतो. उद्या तो "मला काय माहीत" असं म्हणू शकत नाही. देवापुढं बोललेलं गावानं ऐकलेलं असतं, आणि बऱ्याचदा मदत येते ती ऐकणाऱ्यांकडून. याला कोणी देवाची कृपा म्हणेल, कोणी गावाचा धर्म. माझ्या मते दोन्ही एकच आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गाऱ्हाण्यात चुकीची कबुली आणि हक्काचा तगादा शेजारी-शेजारी असतात. आमच्या हातून काही चुकलं असेल तर पोटात घाल, आणि त्याच दमात, आम्ही तुझी लेकरं, तुझी राखण आमच्यावर आहे, ती सांभाळ. इथं देव हा उत्तरदायी आहे. ज्याच्यावर भरवसा आहे त्यालाच माणूस जाब विचारतो. ज्याच्याकडून अपेक्षा उरलेली नाही त्याच्यासमोर तो गप्प बसतो. म्हणून संकटातल्या माणसाची चुप्पी पाहून "किती श्रद्धा आहे बघा" असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. ती श्रद्धा असेलही, पण पुष्कळदा तो भरवसा संपल्याचा पुरावा असतो.

३. कौल आणि उलटं उत्तर

गाऱ्हाण्याला जोडून कौल येतो. पाषाणाच्या ओल्या अंगावर कळे, म्हणजे पाकळ्या किंवा पानाचे तुकडे, चिकटवतात, कुठं तांदळाचे दाणे. प्रश्न विचारला जातो. मग वाट बघणं. समईच्या उजेडात सगळ्यांची नजर त्या दगडावर, गुरवाचा आवाजही खाली आलेला. उजवीकडचा कळा पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार, काहीच पडलं नाही तर प्रश्न बदलून पुन्हा. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख पंचांगात छापलेली नसते, ती देवीला विचारून ठरते. लाखोंची गर्दी त्या एका उत्तराची वाट बघते.

पाकळी ओलीमुळे पडते की देवामुळे, हा वाद मला इथं घालायचा नाही. मला दिसते ती त्यामागची मनाची घडण. विचारणाऱ्यानं आधीच मान्य केलेलं असतं की उत्तर आपल्या मनाविरुद्ध येऊ शकतं, आणि तसं आलं तर आपण ते पाळू. संकटात देवावर भरवसा ठेवणाऱ्याला नेमकं हेच जमावं लागतं. आपल्याकडे रूढ झालेला भरवसा उलट्या दिशेनं चालतो: देव माझ्या मनासारखं करेल याची खात्री म्हणजे श्रद्धा. मनासारखं झालं नाही की श्रद्धा कमी पडली असा निष्कर्ष, आणि तो दोष पुन्हा दुःखी माणसाच्याच माथी. कर्करोगानं गेलेल्याच्या घरी जाऊन "मनापासून केलं असतं तर देवानं ऐकलं असतं" असं सुचवणारी माणसं आहेत. त्यांना भरवसा या गोष्टीचा गंधही नाही.

४. तुकोबांची खतपत्रं

आता सोडण्याकडे येतो. महाराष्ट्राच्या स्मृतीत सोडण्याचं सर्वांत मोठं उदाहरण तुकाराम महाराजांचं आहे, आणि तेच सर्वांत जास्त उथळपणे सांगितलं जातं.

१६३० ते ३२ च्या दुष्काळानं दख्खन ओसाड पाडला. तुकोबांचा व्यापार बुडाला, पहिली बायको अन्नान्न करून गेली, मुलगा गेला. परंपरा सांगते की पुढं त्यांनी लोकांकडून येणं असलेल्या कर्जाची खतं इंद्रायणीत सोडून दिली. एवढंच सांगून आपण थांबतो. कथेतला कळीचा तपशील वेगळा आहे. खतं बुडवण्याआधी त्यांची वाटणी झाली. धाकटा भाऊ कान्होबा याच्या हिश्श्याची अर्धी खतं त्याला देण्यात आली, आणि नदीत गेली ती फक्त तुकोबांच्या हिश्श्याची.

या वाटणीत सोडण्याचा सगळा न्याय सामावला आहे. तुकोबांनी भावाला "आपण दोघंही सोडून देऊ" असा उपदेश केला नाही. कान्होबाचं येणं कान्होबाचं. त्यानं ते वसूल करावं की बुडवावं, हा त्याचा प्रश्न. शिवाय तुकोबांनी बुडवलं ते लोकांकडून यायचं होतं ते. स्वतः कोणाचं देणं लागत असते आणि ते कागद नदीत टाकले असते, तर त्याला वैराग्य कोणी म्हटलं नसतं, लबाडी म्हटलं असतं.

आणखी एक गोष्ट. खतं बुडवण्यासाठी ती आधी लिहिलेली असावी लागतात. कोणाकडे किती येणं आहे हे तुकोबांना नीट ठाऊक होतं. हिशेब माहीत असताना हक्क सोडणं हे सोडणं. हिशेब आठवत नाही म्हणून गप्प राहणं हे नुसतं विसरणं. ज्यानं आपला हिशेब कधी मांडलाच नाही त्याच्याजवळ सोडायला काही नसतं. म्हणून गाऱ्हाणं आधी आणि सोडणं नंतर, हा क्रम उलटा करता येत नाही. इंद्रायणीनंतरही तुकोबांचं विठ्ठलाशी भांडण थांबलेलं नाही, हे त्यांच्या गाथेचं कुठलंही पान उघडलं तर कळेल. नामदेव भांडले, जनाबाई भांडल्या. वारकरी परंपरेनं ही भांडणं लपवली नाहीत, ती देवापुढं टाळ-मृदंगात गायली.

५. दुसऱ्याचं येणं

हा न्याय किनाऱ्यावर लावून पाहू. मालवणचा पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षं सांगतो आहे की पर्ससीन जाळ्यांनी आणि एलईडीच्या झोतांनी समुद्र खरवडून नेला, काठावरच्या रापणीला मासळी उरली नाही. रापण ही सामाईक गोष्ट. जाळ्याची दोन टोकं काठावरून ओढायला अख्खी वाडी उतरते आणि मिळेल त्याचे वाटे पडतात. राज्य शासनाच्या ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशानं पर्ससीनला १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढाच काळ दिला, केंद्रानं २०१७ मध्ये झोतातल्या मासेमारीवर बंदी घातली. कागदावर हे सगळं आहे. अंमलबजावणीसाठी मच्छीमाराला आजही बंदरात उतरावं लागतं, खात्याच्या दारात बसावं लागतं.

त्याला कोणी म्हणालं, "गेल्या दहा वर्षांचं सोड, आता नवीन काहीतरी बघ," तर हे वाक्य कोणाच्या तोंडचं आहे हे आधी पाहिलं पाहिजे. स्वतः मच्छीमार थकून, विचार करून म्हणाला तर तो त्याचा हक्क. त्याच्या वाट्याची मासळी ज्यानं नेली तो म्हणाला, किंवा कायदा राबवायची ज्याची जबाबदारी तो म्हणाला, तर ती निव्वळ फसवणूक. शिवाय त्या मासळीत पुढच्या पिढीचा वाटा आहे, आणि तो आज कोणालाच सोडता येणार नाही. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करणारा आणि आठ दिवसांनी मोर्चात घोषणा देणारा हा एकच माणूस असतो. त्यात मला कुठलीही विसंगती दिसत नाही. त्यानं देवाला देवाचं काम सांगितलं आणि सरकारला सरकारचं.

६. ज्यांचं माणूस परतलं नाही

वरचं सगळं जिथं अपुरं पडतं अशी एक जागा आहे. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ कोकणावरून गेलं. समुद्रात असलेले काही मच्छीमार परतलेच नाहीत, काहींचे देहही मिळाले नाहीत. अशा घरात काय सोडायचं? गेलेलं माणूस गेलं आहे हेच ठरत नाही. कुंकू लावावं की पुसावं, दाराची कडी रात्री लावावी की नको, इथून प्रश्न सुरू होतात.

कायदा म्हणतो, सात वर्षं ज्याची कोणाला खबर नाही तो हयात आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर. १८७२ च्या पुरावा कायद्यात १०८ व्या कलमानं ही तरतूद होती आणि त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या कायद्यातही ती कायम आहे. धर्मशास्त्रानं बारा वर्षं वाट बघायला सांगितली आणि त्यानंतर पळसाच्या पानांचा पुतळा करून दहनाची सोय ठेवली. एकाला वारसाहक्काची चिंता, दुसऱ्याला गतीची. पण दोघांनाही एक गोष्ट कळली होती: अशा घराला "आता विसरा" म्हणून चालत नाही, मुदत द्यावी लागते आणि मुदतीनंतर काहीतरी कृती द्यावी लागते. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्या पॉलीन बॉस या अमेरिकन संशोधक याच दिशेनं जातात. अशा दुःखाचा शेवट शोधू नये, त्याच्यासह जगायची रीत शोधावी, असं त्यांच्या कामाचं सार आहे.

आचऱ्याची गावपळण मला याच संदर्भात आठवते. साधारण चार वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन अख्खं गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर जातं. घरांना कुलपं. गुरं, कुत्री, डालग्यातल्या कोंबड्या, सगळं बरोबर. माळावर झावळ्यांच्या झोपड्या, तीन दगडांची चूल, रात्री गाणी-भजनं. तीन दिवसांनी पुन्हा कौल, आणि देवानं होकार दिला तरच परतायचं. तिची कारणं लोक नाना सांगतात, भुताखेतांपासून स्वच्छतेपर्यंत. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की इथं सोडणं सगळ्यांनी मिळून, ठरवून, मुदतीनं केलेलं असतं. घर सोडलेलं माणूस एकटं पडत नाही, कारण शेजारीही घर सोडून शेजारच्याच झोपडीत असतो. परतल्यावर घर तेच, पण आपण ते एकदा सोडू शकलो हे प्रत्येकाला ठाऊक झालेलं असतं. एकट्या विधवेला "सोडून दे" म्हणणाऱ्या समाजानं तिच्यासोबत काय सोडलं, हा प्रश्न आचऱ्याच्या माळावर उभं राहून विचारावासा वाटतो.

७. तीन आक्षेप

पहिला आक्षेप श्रद्धाळूंचा. सतत गाऱ्हाणं घालणं म्हणजे देवावर अविश्वास. खरा भक्त "ठेविशील तसा राहीन" या वृत्तीचा. ही वृत्ती मोठी आहे हे मला मान्य आहे, पण ती प्रवासाच्या शेवटी येते. रडणं, भांडणं, मागणं यातून गेल्यावर जी शांती येते ती कमावलेली असते. पहिल्याच दिवशी दुसऱ्यावर लादलेली शांती म्हणजे त्याचा आवाज बंद करणं.

दुसरा आक्षेप विवेकवाद्यांचा, आणि तो जास्त वजनाचा आहे. देव ऐकतो याला पुरावा काय, आणि कौलाच्या नावावर माणसंच आपली मर्जी चालवत नाहीत कशावरून? चालवतात. वेंगुर्ल्याजवळच्या तेंडोलीत जन्मलेल्या चिं. त्र्यं. खानोलकरांनी 'कोंडुरा'मध्ये दैवी आदेश मिळाला असं मानणाऱ्या माणसाच्या हातून केवढा अनर्थ होतो ते दाखवलं आहे. जमिनीचा वाद, आजार, गुन्हा यांचा निकाल पाकळीवर सोडणं मला अमान्य आहे. तिथं कोर्ट, दवाखाना आणि पोलीस ठाणं. पण माझा युक्तिवाद कौलाच्या अचूकपणावर उभा नाही. दुःख नेमकं मांडावं, साक्षीदारांसमोर मांडावं, उत्तर आपल्या मनासारखं येईलच असं धरून चालू नये, या तीन गोष्टी देव न मानणाऱ्यालाही उपयोगी पडतात. देव मानणाऱ्याला त्यात ऐकणारा एक जास्त मिळतो. मी मानतो, आणि तो ऐकणारा मला फार मोठा आधार वाटतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. गाऱ्हाण्यात बोलतो कोण? मानकरी. मान ठरतो घराण्यावर, जातीवर, आणि तो पुरुषाकडे असतो. ज्या बाईचा नवरा दर्यातून परतला नाही तिचं गाऱ्हाणंही दुसराच कोणी घालतो आणि ती मागं उभी राहून "व्हय महाराजा" म्हणते. दुःख ज्याचं त्यानं मांडावं हे मी वर म्हटलं असेल, तर या रूढीला इथं हात घालावाच लागेल. परंपरा मोडा असं मी म्हणत नाही. वार्षिक गाऱ्हाण्यात दर्यातून न परतलेल्यांची नावं एकेक करून घेतली जावीत, आणि त्या घरातल्या बाईला नारळासमोर उभं राहून स्वतःच्या तोंडानं बोलू द्यावं, एवढंच माझं मागणं आहे. मानकऱ्यांनी कौल लावून विचारावं. जत्रा कधी आणि गाव कधी सोडायचं हे ज्या देवाला विचारलं जातं, त्याला हेही विचारता येईल. कळा डावीकडचा पडला, तर पुढच्या वर्षी पुन्हा विचारावं.